खोक्यातून

त्याची सगळी नाटकं मी पाहिली, पण गुडघ्यापर्यंतच.
कुताइसीच्या त्या थिएटरात, रंगमंचाच्या पुढच्या कडेला
प्रॉम्प्टरचं लाकडी खोकं होतं.
त्यात मी, एकोणतीस वर्षं.
मांडीवर वही, वहीवर दिवा,
दिव्याला काळा कागद.

राजा मला टाचेच्या झिजेवरून कळायचा.
नवी नायिका घाबरली की अंगठा आत वळायचा.
मेलेल्यांचीच तेवढी तोंडं दिसायची,
हातभर अंतरावर, घामेजलेली.
एकदा एकानं मेल्यावर मला डोळा मारला.

इलारिओन क्वेर्नाद्झे उभ्यानं लिहायचा.
थिएटर आधी तंबाखूची वखार होती;
त्यानं आणि सात हमालांनी रात्रभर गाठोडी बाहेर काढली,
शिंकत शिंकत.
(सातांतला एक माझा बाप, म्हणून मला माहीत.)
पहिल्या प्रयोगाला अख्खी पहिली रांग शिंकत होती,
आणि नाटक तर शोकांतिका.
तो म्हणाला, डोळे पुसत गेले ना? झालं तर.

अक्षर त्याचं कोंबडीच्या पायांचं.
ते फक्त मला लागायचं.
त्यामुळे कित्येकदा त्याच्या बायकोच्याही आधी
मला कळायचं, आज तो कुणावर चिडलाय.

मग तिबिलिसीहून एक गृहस्थ आले,
सभ्य, हातमोजे घातलेले.
चौथ्या अंकातली अकरा वाक्यं त्यांनी लाल पेन्सिलीनं खोडली,
वहीचा कागद कुठेही न फाडता.
इलारिओन भांडला नाही.
नटांना म्हणाला, तिथं गप्प उभे राहा,
वाक्याला लागतो तेवढा वेळ.
मला काहीच म्हणाला नाही.

तिसरी घंटा झाली.
चौथ्या अंकात दारेजानचे बूट थांबले.
नट अडला की शब्द द्यायचा, हे माझं काम.
मी दिला.
तिनं घेतला नाही.
मी जरा मोठ्यानं दिला.
थिएटर इतकं शांत की माझाच आवाज
बाल्कनीला लागून परत आला:
दार उघडंच होतं. आम्हीच आत बसून राहिलो.
लाल रेघेखालून अक्षरं दिसत होती.
अकराच्या अकरा मी वाचली.

चौकशीत तो म्हणाला, ती बाई ठार बहिरी आहे,
तिला काय कळणार कोण बोललं, कोण नाही.
मला सोडलं. त्याला थिएटरची पायरी बंद झाली,
स्वतः बांधलेल्या थिएटरची.
आणि मी नऊ वर्षं बहिरी राहिले.
पावाच्या रांगेत लोक माझ्यादेखत काय काय बोलायचे!
माझ्या लेकीनंसुद्धा मला खुणांनीच सांगितलं,
तिचं लग्न ठरलं ते.

माझ्या खोक्यामागे जमिनीलगत एक जाळी होती,
गल्लीत उघडणारी, हवेसाठी.
दर गुरुवारी तिच्यापलीकडे दोन बूट येऊन उभे राहायचे.
तपकिरी. डाव्याची नाडी तुटलेली, मधेच गाठ मारलेली.
हिमात, चिखलात, तिसऱ्या घंटेपासून शेवटच्या टाळीपर्यंत.
मी पुढे नटांना शब्द द्यायचे
आणि थोडा मागे, जाळीकडे.
हसण्याची जागा आली की उजवा बूट किंचित हलायचा.
कधी लोक हसायचे आणि तो हलायचा नाही.
दुसऱ्या दिवशी मी नटांना सांगायचे, तिथं घाई होतेय.
ते म्हणायचे, तुला कसं ऐकू आलं?

एका गुरुवारी बूट आले नाहीत.
पुढच्या गुरुवारी मी जाळीत कापड कोंबलं.
वारा फार होता.

आता खोकं काढून टाकलंय, त्यावर नवी फळी बसलीय.
नट चुकले तर चुकतात.
दारात त्याचा पुतळा उभा केलाय, काशाचा.
शिल्पकार घरी आला होता, कपाळ कसं होतं, भुवया कशा, विचारत.
मी म्हटलं, चेहरा मला नीट आठवत नाही, बाळ,
पण बुटांचं लिहून घे.
त्यानं हसून मान हलवली,
मग मोठ्यानं, कानाजवळ वाकून म्हणाला,
आजी, बूट कोण बघतं?

दोन्ही नाड्या सारख्या केल्यात.